भिंतीवरचे घर

अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, भंडारदऱ्याच्या वाटेवर राजूर हे बाजाराचे गाव आहे. सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यावस्त्यांना मीठ-मिरचीपासून कापडापर्यंत सर्व काही पुरवणारी अशी गावे नगर जिल्ह्यात अनेक आहेत आणि तेथील पेठांत मारवाडातून आलेली जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करीत आली आहेत. अशा पेठेतील जुन्या घराची ठेवण बहुधा ठरलेली असते. पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक दार. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज ऐकू येतो आणि आत पोळ्या लाटणाऱ्या गृहिणीला गिऱ्हाइकाची घासाघीस.

या घरांच्या भिंतींवर तसबिरी असतात. आजोबा-आजींची छायाचित्रे, गुरुमहाराजांची प्रतिमा, दुकानातून मिळालेली दिनदर्शिका आणि कोठे कोठे पाऊणशे-शंभर वर्षांपूर्वीचे एखादे रंगीत छापचित्र. नगर जिल्ह्यात स्थानकवासी परंपरेचा प्रभाव मोठा आहे आणि त्या परंपरेत मूर्तिपूजा नाही. त्यामुळे अनेक घरांत या तसबिरी पूजेसाठी नसतात, त्या स्मरणासाठी असतात.

घराच्या भिंतीवर घरच्याच मायेचे चित्र असावे ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते, की तिलाही काही इतिहास असेल हे सहसा ध्यानात येत नाही. तो इतिहास आहे, आणि तो व्यापारी कुटुंबांना जवळचा वाटावा असा आहे. कारण त्यात छपाई आहे, धंदा आहे, नफा-तोटा आहे आणि पोटापाण्यासाठी घर सोडून दूर गेलेली माणसे आहेत.

राजवाड्यातून घराकडे

युरोपात अठराव्या शतकाला ज्ञानोदयाचे शतक म्हणतात. परंपरेने सांगितले म्हणून मानावे याऐवजी बुद्धीने पारखून घ्यावे, असा विचार त्या काळात बळावला. त्या विचाराचा एक परिणाम घरावरही झाला. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, त्याचे मन जपून वाढवावे लागते, असे लेखक सांगू लागले. फ्रान्समधील रूसो यांचा ‘एमिल’ हा बालशिक्षणावरील ग्रंथ १७६२ चा. आईने मुलाला जवळ घेणे, वडिलांनी त्याला शिकवणे, सर्वांनी एकत्र जेवायला बसणे या रोजच्या गोष्टींना एक नवी प्रतिष्ठा मिळाली.

चित्रकारांना हे त्याआधीच दिसू लागले होते. पॅरिसमधील शार्दें या चित्रकाराने १७४० च्या चित्रप्रदर्शनात एक लहानसे चित्र ठेवले. एक आई जेवणाचे टेबल मांडीत आहे. तिच्या दोन लहानग्यांपैकी धाकटे हात जोडून जेवणाआधीची प्रार्थना म्हणत आहे आणि आई थांबून तिकडे पाहत आहे. चित्रात याहून अधिक काही घडत नाही. ज्या घरात जेवणापूर्वी मुलांकडून नवकार म्हणवून घेतला जातो, तेथे या चित्राचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. हे चित्र त्याच वर्षी फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याला भेट देण्यात आले.

मूळ चित्र असे राजवाड्यात गेले. परंतु १७४४ मध्ये लेपिसिए नावाच्या कोरीवकाम करणाऱ्या कलावंताने ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवले आणि त्याचे छाप विक्रीस आले. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी हत्याराने बारीक रेषा कोरायच्या, त्या रेषांत शाई भरायची, पृष्ठभाग पुसून स्वच्छ करायचा आणि ओलसर कागद वर ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचा, अशी ही रीत. रेषांतील शाई कागद ओढून घेतो. एका पत्र्यावरून शेकडो छाप निघत. ज्याला तैलचित्र घेणे स्वप्नातही परवडले नसते, तो शिक्षक, कारकून किंवा दुकानदार असा एक छाप घेऊन घरी लावू शकत होता. घराचे चित्र सामान्य माणसाच्या घरी आले ते या पत्र्यामुळे.

दांझिगच्या धान्यव्यापाऱ्याचा मुलगा

या कलेतील सर्वांत घरगुती माणूस म्हणावा असा कलावंत जर्मनीत झाला. त्याचे नाव डॅनिएल खोडोव्हिएत्स्की. त्याचा जन्म १७२६ मध्ये बाल्टिक समुद्रकाठच्या दांझिग या व्यापारी बंदरात झाला. आज ते शहर पोलंडमध्ये असून ग्दान्स्क या नावाने ओळखले जाते. वडील धान्याचे व्यापारी होते. हौसेने चित्रे काढीत आणि मुलालाही पहिले धडे त्यांनीच दिले. १७४० मध्ये ते वारले. पुढे १७४३ मध्ये, सतराव्या वर्षी, मुलाला बर्लिनला मामाच्या दुकानी पाठवण्यात आले.

वडिलांचे छत्र हरपल्यावर भाच्याला मामाच्या पेढीवर धंदा शिकायला पाठवणे, ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. मारवाडातून नगर-नाशिककडे आलेल्या कितीतरी घराण्यांची सुरुवात अशीच झालेली आहे. खोडोव्हिएत्स्की दुकानात काम करी आणि जोडीला मीनाकामाच्या डब्यांवर लहान लहान चित्रे रंगवी. त्या डब्या मामा विकीत असे. पुढे त्याने स्वतंत्रपणे चित्रकलेचा व्यवसाय सुरू केला. १७५५ मध्ये सोनेरी भरतकाम करणाऱ्या एका फ्रेंच कुटुंबातील झान बारेझ हिच्याशी त्याचा विवाह झाला. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेषा ओढायच्या आणि आम्लाने त्या खोदून घ्यायच्या, ही त्याची आवडती पद्धत होती. आयुष्यभरात त्याने अशी दोन हजारांच्या आसपास चित्रे केली. त्यांतील पुष्कळशी पुस्तकांसाठी आणि खिशात मावणाऱ्या वार्षिक दिनदर्शिकांसाठी होती. बाझेडो या शिक्षणतज्ज्ञाच्या १७७४ च्या बालशिक्षणविषयक ग्रंथातील बरीच चित्रे त्याचीच आहेत. मुलांचे खेळ, जेवण, अभ्यास हे त्यांचे विषय.

१७७१ मध्ये त्याने एक चित्र केले, ‘चित्रकाराची खोली’. खिडकीपाशी तो स्वतः कामात आहे. जवळच्या टेबलाभोवती त्याची मुले बसली आहेत. कोणी चित्र काढते आहे, कोणी पाहते आहे. त्यांच्यामागे त्याची पत्नी उभी आहे. भिंती चित्रांनी भरून गेल्या आहेत. कामाची जागा आणि घर यांच्यात येथे एका दाराचेही अंतर नाही. पुढे दुकान आणि मागे घर अशा वास्तूत वाढलेल्या कोणालाही हे दृश्य ओळखीचे वाटेल.

या चित्राखाली ते आपल्या आईला अर्पण केल्याचे त्याने लिहिले आहे. आई दांझिगला होती. तिने सून पाहिली नव्हती की नातवंडे पाहिली नव्हती. घर सोडल्यापासून मुलगाही तिला दिसला नव्हता. छायाचित्रण अद्याप सुमारे सत्तर वर्षे दूर होते. अशा वेळी मुलाने आपला सारा संसार एका पत्र्यावर कोरला, तो कागदावर छापला आणि त्यावर आईचे नाव घातले. त्या छापाच्या प्रती बाजारातही गेल्या, अनोळखी घरांत लागल्या. पण तो कोरला गेला तो एका आईसाठी.

दोन वर्षांनी, १७७३ च्या उन्हाळ्यात, खोडोव्हिएत्स्की घोड्यावर बसून बर्लिनहून दांझिगला निघाला. तीस वर्षांनी तो आईला भेटणार होता. या प्रवासात आणि माहेरगावच्या मुक्कामात त्याने शंभराहून अधिक रेखाटने केली. वाटेतील खानावळी, खराब रस्ते, आईचे घर, नातेवाईक, शेजारी सारे त्यात आहे. एरवी हिशेबाने वागणारा, वेळेची किंमत ओळखणारा हा माणूस त्या उन्हाळ्यातील दोन महिन्यांहून अधिक काळ यासाठी देऊ शकला, ही नोंद त्याच्या कोणत्याही कलाकृतीइतकीच महत्त्वाची आहे.

शनिवारवाड्यातील तांबे

तांब्यावर चित्र कोरण्याची ही विद्या त्याच शतकात महाराष्ट्रात येऊन पोचली होती. पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील म्हणून १७८६ पासून चार्ल्स मॅलेट होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला आणि पुढे पुण्यास गेला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची त्याने केलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. मॅलेटच्या प्रयत्नाने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली आणि तेथे गंगाराम तांबट हा मराठी कलावंत पुढे आला. गंगारामने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. वेल्सनेही वेरूळची चित्रे काढली. पण १७९५ मध्ये तो वारला. त्याच्या रेखाटनांवरून डॅनियल या इंग्रज चित्रकाराने १८०३ मध्ये लंडनला चोवीस छापचित्रांचा संच प्रसिद्ध केला. त्यात वेरूळची जैन लेणीही आहेत. इंद्रसभा आणि जगन्नाथसभा ही आपली धर्मस्थाने अशा रीतीने छापील चित्रांतून दूरदेशीच्या लोकांनी पाहिली.

त्याच इंद्रसभेत आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली अंबिका यक्षी आहे आणि तिच्याजवळ तिचे बालक आहे. मातृत्वाची ही मूर्ती हजार-अकराशे वर्षांपासून तेथे आहे. परंतु लेण्यांच्या भव्यतेने भारावलेल्या पाहुण्यांना मुख्यतः खांब, मंडप आणि अंधार दिसला.

पुण्यात तांब्याचे दुसरेही एक काम सुरू झाले होते. गीता छापून ब्राह्मणांना वाटावी असे नाना फडणविसांच्या मनात होते आणि त्यासाठी तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरवून घेण्याची खटपट झाली. १८०० मध्ये नाना वारले. ते काम पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने झाले आणि १८०५ मध्ये मिरजेत गीता छापली गेली.

म्हणजे तांबे होते, तांबट होते, कला होती, आश्रयही होता. तरी पुण्यात घरगुती जीवनाची छापचित्रे का निघाली नाहीत? याचे उत्तर कलेपेक्षा बाजारात शोधावे लागते. पॅरिस आणि बर्लिनच्या छापांना हजारो लहान ग्राहक होते. पुण्याच्या तांब्याला आश्रयदाता होता, ग्राहक नव्हता. आश्रयदाता गेला की काम थांबे किंवा दुसऱ्या आश्रयदात्याकडे जाई. जी वस्तू सामान्य घराच्या खर्चात बसत नाही, तिच्यात सामान्य घराचे प्रतिबिंब पडत नाही. हा नियम व्यापाऱ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

कपड्यांची यादी

चित्र स्वस्त होण्याचा मार्ग निघाला तो म्युनिक येथे, आणि तोही एका घरातून. आलोइस झेनेफेल्डर हा नाटककार होण्याची इच्छा असलेला तरुण. वडील वारलेले, आई आणि भावंडांची जबाबदारी अंगावर. आपली नाटके स्वतःच छापता यावीत म्हणून तो स्वस्त छपाईचे प्रयोग करीत होता. १७९६ मधील एक प्रसंग त्याने स्वतः पुढे लिहून ठेवला आहे. धुण्याचे कपडे नेणारी बाई दारात खोळंबली होती. आईने कपड्यांची यादी लिहून घ्यायला सांगितली. घरात कागदाचा तुकडाही सापडेना. तेव्हा त्याने प्रयोगासाठी घासून ठेवलेल्या दगडावर मेण, साबण आणि काजळी यांच्या शाईने ती यादी लिहून टाकली. पुढे ती पुसण्यापूर्वी त्याला वाटले, या दगडावर आम्ल घालून पाहावे. या प्रयोगातून पुढच्या दोन वर्षांत शिळाछापाची कला सिद्ध झाली.

तेल आणि पाणी एकत्र होत नाही, एवढ्याच तत्त्वावर शिळाछाप चालतो. दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे. दगड ओला केला की चित्राचा भाग पाणी घेत नाही आणि कोरा भाग छपाईची शाई घेत नाही. कोरण्याची मेहनत वाचते. तांब्याची रेघ दाबाने झिजते, दगडावरून मात्र हजारो प्रती काढता येतात. आईच्या कपड्यांच्या यादीतून जन्मलेल्या या विद्येनेच पुढे भारतीय घरांच्या भिंती सजवल्या.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी मिशनऱ्यांच्या छापखान्यात ही कला पाहून घेतली, स्वतःचा शिळाछाप उभा केला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. घरोघरी लागणारी वस्तू छापली की छापखाना चालतो, हे त्यांनी ओळखले होते. पंचांगाबरोबर छपाई देवघरात पोचली. चित्र पोचायला आणखी काही दशके लागली.

पुणे, गिरगाव, मळवली

१८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा छापखाना सुरू झाला. त्याच्या सुरुवातीच्या चित्रांत रामपंचायतनाचे चित्र होते. राम, सीता, भाऊ आणि पायाशी मारुती. देवाचे चित्र म्हणून ते विकले गेले, पण ते एका कुटुंबाचेही चित्र आहे. भावांनी एकमेकांना धरून राहावे हे ज्या एकत्र कुटुंबात रोज सांगितले जाई, तेथे हे चित्र शब्दांशिवाय बोलत असे.

त्यानंतरचे मोठे नाव राजा रविवर्मा यांचे. त्यांच्या चित्रांचे छाप काढावेत, म्हणजे ती सर्वांपर्यंत पोचतील, असे सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचवले होते. १८९४ मध्ये गिरगावात रविवर्मा छापखाना सुरू झाला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आले आणि मुंबईचे व्यापारी गोवर्धनदास खटाव मकनजी भागीदार झाले. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे. एका चित्रासाठी अनेक शिळा एकावर एक अचूक जुळवून छपाई करावी लागे. त्यामुळे तैलचित्रासारखी गहिरी छटा कागदावर उतरे.

या छापखान्याचे पहिले चित्र ‘शकुंतलाजन्म’ हे होते. मेनका नवजात मुलगी घेऊन विश्वामित्रासमोर उभी आहे आणि विश्वामित्र हात उंचावून तोंड फिरवीत आहे. घराघरांत मायेची चित्रे पोचवणाऱ्या या छापखान्याचा आरंभ मुलीला नाकारणाऱ्या पित्याच्या चित्राने व्हावा, हे विचार करायला लावणारे आहे. पाहणाऱ्याचे डोळे तपस्व्याकडे न जाता त्या तान्ह्या मुलीकडे जातात. जेथे मुलगी झाली म्हणून घरात शांतता पसरे, अशा घरांतही ते चित्र लागले असेल. पुढे यशोदा आणि बाळकृष्ण यांची चित्रे आली आणि फार लोकप्रिय झाली. देवाचे बालरूप आणि घरातील बाळ यांच्यातील सीमारेषा त्यांत पुसट होते. गाय, दुधाचे भांडे, आईचा पदर या गोष्टी कोणत्याही घरातल्या आहेत.

हा उद्योग दोन भावांचा होता. रविवर्मांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा हे स्वतः चांगले चित्रकार होते. त्यांनी भावाबरोबर देशभर प्रवास केला, कामात हातभार लावला, व्यवहार सांभाळला आणि रोजनिशी लिहून ठेवली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. छापखाना शहराबाहेर हलवावा लागला आणि शेवटी लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला. भांडवल अडकले, कर्ज वाढले. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०५ मध्ये राजराज वर्मा गेले आणि १९०६ मध्ये रविवर्माही. ताळेबंदाच्या भाषेत तो व्यवहार तोट्याचा ठरला. श्लायखरने तो धंदा नेटाने चालवला. कोणती चित्रे खपतात हे पाहून ती छापली आणि व्यापारी कंपन्यांच्या जाहिरातींसाठीही छपाई केली. पुढे १९७२ मध्ये लागलेल्या आगीत मळवलीच्या छापखान्याची मोठी हानी झाली. तोवर त्याची चित्रे देशभरातील भिंतींवर पोचलेली होती.

ती कोणाच्या भिंतींवर पोचली, याचा विचार केला तर पुन्हा खोडोव्हिएत्स्कीची आठवण होते. घर सोडून आलेला नोकरदार, खाणावळीत राहणारा गिरणी कामगार, परमुलखात दुकान थाटलेला व्यापारी अशा सर्वांना ती हवी होती. आई गावी राहिलेली. तिचे छायाचित्र काढण्याची ऐपत किंवा रीत नाही. भिंतीवरची यशोदा ती उणीव थोडीशी भरून काढी.

प्रशस्तीतील नावे

जैन परंपरेला मात्र मायेचे चित्र मिळवण्यासाठी छापखान्याची वाट पाहावी लागली नव्हती. श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या गर्भावस्थेचा प्रसंग येतो. आईला वेदना होऊ नये म्हणून गर्भ निश्चल राहिला. हालचाल थांबल्याने त्रिशलामाता शोकाकुल झाली. ते जाणून गर्भाने किंचित हालचाल केली आणि आईचा जीव भांड्यात पडला. जन्मण्यापूर्वीच आईचे प्रेम एवढे असेल, तर आई-वडील हयात असेतो दीक्षा घेणार नाही, असा संकल्प त्यांनी तेव्हा केला. आई-वडिलांच्या पश्चातही ज्येष्ठ बंधू नंदिवर्धन यांच्या विनंतीवरून ते आणखी दोन वर्षे घरी राहिले आणि तिसाव्या वर्षी त्यांनी गृहत्याग केला. ज्यांनी सर्व पाश तोडले, त्यांनी आईचे मन मात्र मोडले नाही. पर्युषणात हे वाचन ऐकताना आजही डोळे पाणावतात.

पश्चिम भारतात चौदाव्या-पंधराव्या शतकांत लिहिल्या गेलेल्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांत त्रिशलेची चौदा स्वप्ने, तिचा शोक, तिचा आनंद, बाळाचा जन्म हे सारे लाल, निळ्या आणि सोनेरी रंगांत चितारलेले आहे. त्या पोथ्या करवून घेणारे बहुतांशी व्यापारी होते. अनेक पोथ्यांच्या शेवटी प्रशस्ती असते. पोथी कोणी करवली, कोणत्या गावी, कोणत्या संवतात, कोणाच्या पुण्यार्थ, हे त्यात लिहिलेले असते. त्या प्रशस्त्यांत दात्याचे वडील, भाऊ आणि मुलगे यांच्याबरोबर आई, पत्नी आणि मुली यांचीही नावे येतात. धंद्याच्या चोपड्यात ज्या स्त्रियांची नोंद कधीच झाली नसती, त्यांची नावे पोथीच्या शेवटच्या पानावर पाचशे-सहाशे वर्षे टिकून आहेत.

छापील चित्राने जे दिले ते मोठे होते. स्वस्ताई, प्रसार, हजारो घरांत एकच माया. पण छापील यशोदा ही कोणाचीही आई असते. तिच्यावर त्या घरातील आईचे नाव नसते. खोडोव्हिएत्स्कीने छापावर आईचे नाव घातले आणि आपल्या पूर्वजांनी पोथीच्या शेवटी नावे लिहिली. दोघांनाही ठाऊक होते, की चित्र माया दाखवते, पण ती कोणाची हे नावाशिवाय कळत नाही.

तसबिरीची मागची बाजू

आज जुन्या घरांच्या जागी नवी घरे होत आहेत. पुढच्या दुकानाचे शोरूम होते आणि मागचे घर शहरातील सदनिकेत जाते. अशा वेळी भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. काही भंगारात जातात, काही माळ्यावर. ज्या उरतात त्यांच्यासमोर उभे राहून नातवंडे विचारतात, ही बाई कोण? उत्तर मिळते, आजोबांची आई. तिचे नाव काय, माहेर कोणते, ती मारवाडातल्या कोणत्या गावाहून केव्हा आली, हे सांगणारे माणूस घरात एखादेच उरलेले असते आणि तेही नव्वदीत पोचलेले असते. वंशावळीत पुरुषांची नावे सात पिढ्यांपर्यंत मिळतात. त्या सात पिढ्यांच्या भाकरी भाजणाऱ्या, दुष्काळात दागिने मोडून पेढी वाचवणाऱ्या, नवऱ्याच्या माघारी धाकट्या दिरांना वाढवणाऱ्या स्त्रियांची नावे दोन पिढ्यांतच पुसली जातात.

हे थांबवणे अवघड नाही. दिवाळीपूर्वी घराची साफसफाई होते, तेव्हा तसबिरी भिंतीवरून उतरतातच. प्रत्येक छायाचित्राच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, कागदावर दाब न देता, चार गोष्टी लिहाव्यात. व्यक्तीचे पूर्ण नाव, स्त्री असल्यास माहेरचे नाव आणि गाव, अंदाजे साल, आणि ही माहिती कोणी सांगितली. शाईचा पेन टाळावा, कारण शाई पुढील बाजूस उतरते. चित्र चौकटीतून काढणे धोक्याचे वाटल्यास ही माहिती पाकिटात घालून चौकटीच्या मागे लावावी. जुने रंगीत छापचित्र असेल तर ते उन्हापासून आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवावे आणि ते कोणी, कोठून आणले हेही विचारून लिहून ठेवावे. त्याचबरोबर हीच नोंद एका वहीत करून तिची एक प्रत परगावी, परदेशी राहणाऱ्या मुला-मुलींकडे पाठवावी.

घरातील ज्येष्ठांना हे विचारण्यासाठी एक दुपार पुरेशी असते. दुकान बंद असलेल्या वारी, जेवणानंतर, सर्व तसबिरी समोर मांडून त्यांना बोलते करावे. लिहिण्याचे काम घरातील शाळकरी नातवाकडे किंवा नातीकडे द्यावे आणि सुरुवात आजीच्या आईच्या नावापासून करावी.